फिल्टर तुंबला, पण कशाने? वापरलेल्या डिझेल गाडीच्या डीपीएफविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नोव्हेंबर २०२० ची, दीड लिटर डिझेल इंजिनाची, बीएस-६ या प्रदूषण निकषाची गाडी तुम्ही मुंबईहून वापरलेली घेतली. मीटरवर ४१ हजार किलोमीटर आहेत. देवगडच्या घरापासून जामसंड्याच्या दुकानापर्यंतची ये-जा आणि बाजारहाट एवढाच तिचा वापर आहे. तिसऱ्या महिन्यात डीपीएफचा, म्हणजे धुरातले कण अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागला, आठवड्याभरात त्याच्या जोडीला चेक इंजिनचा दिवा आला आणि आता गाडी चढाला ओढत नाही. एका गॅरेजने नवा फिल्टर टाकायला सांगितले आहे आणि त्याचा खर्च लाखाच्या पुढे जातो. दुसऱ्याने फिल्टर आतून पोकळ करून वर सॉफ्टवेअरही बदलून देण्याची तयारी दाखवली आहे. यातले काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर असे की यातले कोणतेही काम अजून करायला देऊ नका. कुडाळात मी २२ वर्षे डिझेल गाड्यांची कामे करतो आहे आणि बीएस-६ गाड्या वापरलेल्या म्हणून आमच्या भागात येऊ लागल्यापासून या तक्रारीची गाडी महिन्याला एखाद-दुसरी तरी दारात उभी असते. त्यांतल्या बहुतेकांत मूळ दोष फिल्टरचा नव्हता. दोष दुसरीकडे होता आणि त्याचा मळ फिल्टरात येऊन साचला होता. गेल्या वर्षी एक गृहस्थ अशी गाडी घेऊन आले, जिचा फिल्टर सात महिन्यांपूर्वीच दुसरीकडे नवा घातलेला होता आणि तोही भरला होता. शोधता शोधता, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोकडून ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जाणाऱ्या रबरी होसला खालच्या बाजूने, हात घातल्याशिवाय न कळणारी चीर सापडली. त्या चिरेतून हवा निसटत होती, डिझेल पुरते जळत नव्हते आणि काजळी दुपटीने तयार होत होती. होस बदलला, फिल्टर धुऊन घेतला, गाडी आजही चालते आहे. आधीचा जो फिल्टर भंगारात गेला, तोही बहुधा चांगलाच असणार.

डीपीएफ म्हणजे काय हे दोन वाक्यांत सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले तेव्हा डिझेल मोटारीच्या धुरातील कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आली, आणि ती गाठण्यासाठी सायलेन्सरच्या वाटेत एक चिनी मातीसारखा कठीण, मधाच्या पोळ्यासारखा असंख्य बारीक नळ्यांचा ठोकळा बसवावा लागला. या नळ्यांपैकी एक पुढून उघडी आणि मागून बंद, तर शेजारची पुढून बंद आणि मागून उघडी अशी रचना असते. त्यामुळे धुराला एका नळीतून दुसरीत जाण्यासाठी मधल्या सच्छिद्र भिंतीतून झिरपावेच लागते आणि कण भिंतीवर अडकतात.

हे अडकलेले कण दोन प्रकारचे असतात, आणि तुमच्या गाडीचा निकाल याच भेदावर लागणार आहे. एक काजळी, दुसरी राख. ज्यांच्या घरी अजून चूल पेटते त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. भांड्याच्या बुडाला बसलेली काजळी म्हणजे न जळलेला कोळसा. तिला पुरेशी आच मिळाली तर ती जळून जाते. चुलीतली राख मात्र कितीही आच दिली तरी जळत नाही, ती सुपलीने काढावीच लागते. फिल्टरातली काजळी डिझेलच्या अपुऱ्या ज्वलनातून येते आणि गाडी ती स्वतः जाळू शकते. राख मुख्यतः इंजिन ऑइलमधून येते: तेलात घातलेली कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस यांची संयुगे तेलाबरोबर थोडी थोडी जळतात आणि त्यांचा अवशेष कायमचा फिल्टरात राहतो.

आता तुमचे ४१ हजार किलोमीटर घ्या. डीपीएफच्या गाड्यांसाठी जे तेल सांगितलेले असते, उदाहरणार्थ एसीईए या युरोपीय मोटार उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेल्या सी३ वर्गाचे, त्यात सल्फेटेड राखेचे, म्हणजे तेल जळल्यावर उरणाऱ्या राखेचे, प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के असते. इंजिनाने दर १० हजार किलोमीटरला १ लिटर तेल जाळले असे धरू, जे निरोगी इंजिनाच्या मानाने पुष्कळच झाले. १ लिटर तेल म्हणजे सुमारे ८५० ग्रॅम. त्याची राख ७ ग्रॅमच्या आसपास. ४१ हजार किलोमीटरला ती २८ ग्रॅमच्या पुढे जात नाही आणि तीही सगळी फिल्टरात पोचली असे मानून. एवढ्या राखेने मोटारीचा फिल्टर तुंबत नाही; सर्वसाधारणपणे राखेचा प्रश्न दीड-दोन लाख किलोमीटरच्या सुमाराला उभा राहतो. म्हणून तुमचा फिल्टर ‘संपला’ हे निदान मला पटत नाही. तो काजळीने भरलेला असणार. राखेनेच भरला असेल, तर तीन शक्यता उरतात: मीटर मागे फिरवलेला आहे, इंजिन किंवा टर्बो तेल खातो आहे, किंवा आधीच्या मालकाने ट्रकचे जास्त राखेचे तेल ओतले आहे. या तिन्ही गोष्टी फिल्टरच्या किमतीपेक्षा मोठ्या आहेत आणि त्या नवा फिल्टर घालण्यापूर्वीच कळलेल्या बऱ्या.

काजळी एवढी साचलीच कशी, तर ती जाळण्याची संधी गाडीला मिळाली नाही म्हणून. काजळी दोन वाटांनी जळते. गाडी भार घेऊन धावत असेल आणि धुराचे तापमान २५० ते ४०० अंशांच्या दरम्यान राहत असेल, तर धुरातल्याच नायट्रोजन डायऑक्साइडच्या साहाय्याने ती सावकाश, कोणाला न कळता जळत राहते. एवढ्याने भागले नाही की गाडीचा संगणक दुसरी वाट धरतो: सिलिंडरमध्ये मुख्य फवाऱ्यानंतर उशिरा थोडे जादा डिझेल सोडतो, ते फिल्टरच्या आधी असलेल्या कॅटॅलिस्टमध्ये जळते आणि फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापवला जातो. यालाच रीजनरेशन किंवा आमच्या भाषेत नुसते ‘रीजन’ म्हणतात. याला सलग १५ ते २५ मिनिटे लागतात. देवगड ते जामसंडे हा प्रवास तुमचे इंजिन गरम होण्याच्या आतच संपतो. म्हणजे प्रत्येक वेळी गाडीने चूल पेटवायला घ्यावी आणि तुम्ही किल्ली फिरवून तिच्यावर पाणी ओतावे, असे तीन महिने चालले आहे. आधीच्या मालकानेही मुंबईत फार वेगळे केले असेल असे वाटत नाही. ‘एकहाती, कमी चाललेली, मुंबईची गाडी’ ही जाहिरात पेट्रोल गाडीबाबत गुण असेल. डिझेलबाबत मी तिच्याकडे संशयानेच पाहतो. गणपतीला आणि मे महिन्यात गावी आलेली, एरवी सिग्नलवर उभी राहिलेली गाडी ४० हजारांत जेवढी काजळी धरते, तेवढी कोल्हापूर-रत्नागिरी रोज मारणारी गाडी लाखातही धरत नाही.

अर्धवट तुटलेल्या रीजनचा आणखी एक परिणाम आहे, जो दिव्यात दिसत नाही. उशिरा सोडलेले डिझेल पूर्ण बाहेर जात नाही. त्यातले थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरते. म्हणून आज संध्याकाळी पहिले काम हे करा: गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन थंड असताना डिपस्टिक काढा. तेल वरच्या खुणेच्या वर असेल आणि बोटावर पातळ लागून डिझेलचा वास देत असेल, तर तेल बदलेपर्यंत गाडी चालवू नका. पातळ तेलाने टर्बोचे आणि क्रँकचे बेअरिंग खाल्ले जाते. पातळी फारच वाढली तर इंजिन स्वतःचेच तेल हवेच्या वाटेने ओढून बेफाम धावू शकते आणि मग किल्ली काढली तरी ते थांबत नाही. फिल्टरच्या भीतीने लोक गाडी घेऊन येतात आणि इंजिन वाचवून परत जातात, असे माझ्याकडे दोनदा तरी झाले आहे.

यानंतर गाडी स्कॅनर, म्हणजे संगणकातल्या दोषांच्या नोंदी (कोड) वाचणारे यंत्र, असलेल्या माणसाकडे न्या, पण नुसते कोड पुसणाऱ्याकडे नको. दिवा पुसणे म्हणजे उपचार नव्हे. त्याला काय पाहायचे ते तुम्ही सांगा. किल्ली चालू, इंजिन बंद, अशा स्थितीत फिल्टरच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक दाखवणारा सेन्सर शून्य दाखवला पाहिजे. धूर वाहतच नसताना तो दहा-पंधरा मिलिबार दाखवत असेल, तर तो खोटे बोलतो आहे आणि संगणक त्या खोट्यावर विश्वास ठेवून बसला आहे. या सेन्सरला फिल्टरकडून दोन नळ्या येतात. त्यांची रबरी टोके तडकतात, उंदीर कुरतडतात, आणि धातूच्या भागात समुद्राच्या खाऱ्या हवेने गंज धरून भोक बुजते. एकदा तर कोणीतरी आधीच्या दुरुस्तीत या दोन्ही नळ्या उलटसुलट लावलेल्या मला सापडल्या. नळी बदलण्याचा खर्च आणि फिल्टरची किंमत यांची तुलना करायलाही नको.

सेन्सर खरा निघाला, तर इंजिन चालू करून कूलंटचे तापमान पाहावे. हमरस्त्यावर बराच वेळ चालवूनही ते ८० अंशांच्या वर टिकत नसेल, ६५-७० वर घुटमळत असेल, तर कूलंटचा प्रवाह उघडणारा-बंद करणारा थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. इंजिन पुरेसे तापले नाही तर पुष्कळ गाड्या रीजन सुरूच करत नाहीत, आणि डॅशबोर्डवरचा काटा मात्र मधोमध दिसतो. तसेच इतर कोणताही मोठा दोष नोंदलेला असेल, म्हणजे ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेचा), थंड इंजिन सुरू करताना तापणाऱ्या ग्लो प्लगचा, धुराच्या तापमान सेन्सरचा, तरीही संगणक रीजन रोखून धरतो. तुमच्याकडे चेक इंजिनचा दिवा नंतर लागला असे तुम्ही लिहिता. परंतु नोंद त्याच्या आधीची असू शकते, म्हणून कोड लिहून घ्या, त्यांचे फोटो काढा, आणि कोणता आधीचा ते पाहायला सांगा. फिल्टर भरल्याचा कोड हा पुष्कळदा शेवटचा असतो. पहिला कोड कारण सांगतो.

काजळी वाढवणाऱ्या दोषांची पाहणी मी पुढील क्रमाने करतो, कारण या क्रमात खर्च वाढत जातो. आधी एअर फिल्टर, जो मळलेला असेल तर इंजिन गुदमरते. मग हवेचे सर्व होस आणि क्लॅम्प. मग ईजीआर वॉल्व्ह, जो उघडा अडकला तर जळालेला धूरच पुन्हा इंजिनात जातो आणि काजळीचे प्रमाण फार वाढते. मग इंजेक्टरची परतीच्या डिझेलची तपासणी; एखादा नोझल फवारण्याऐवजी गळत असेल तर एकटा तोच फिल्टर भरायला पुरेसा होतो. सर्वांत शेवटी टर्बोचे ऑइल सील. इंटरकूलरच्या होसमध्ये तेलाचा किंचित ओलावा असणे स्वाभाविक आहे; तेल ओघळत असेल तर नाही.

अॅडब्लूविषयी अनेकजण विचारतात. ते युरियाचे द्रावण आहे, ते नायट्रोजनच्या ऑक्साइडवर काम करते आणि ज्या गाडीत त्याची वेगळी टाकी आहे तिच्यातच ते घालायचे असते. काजळीच्या फिल्टरशी त्याचा संबंध नाही.

कारण सापडून दूर झाले की मग साचलेली काजळी काढण्याचा प्रश्न येतो. फक्त डीपीएफचा दिवा, तोही स्थिर, लागलेला असता आणि गाडी नीट ओढत असती, तर मी तुम्हाला गॅरेजमध्ये बोलावलेच नसते. देवगडहून नांदगाव तिठ्याला या, तिथून महामार्गाला लागून कणकवलीवरून कुडाळपर्यंत ताशी ६० ते ८० च्या वेगाने, एक गिअर खालचा ठेवून, इंजिन २००० फेऱ्यांच्या वर राखत न थांबता जा, असे सांगितले असते. आपल्या जिल्ह्यातला हा चौपदरी पट्टा या कामाला उत्तम आहे. फोंडा घाटाचा चढही उपयोगी आहे, कारण चढाला इंजिनावर भार येतो आणि धूर आपोआप तापतो. उतार मात्र नव्हे, आणि ही गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. रीजन ऐन भरात असताना तुम्ही घाट उतरू लागलात आणि पाय अॅक्सिलरेटरवरून काढलात, तर फिल्टरला थंड ठेवणारा धुराचा जोराचा प्रवाह थांबतो आणि त्याच वेळी प्राणवायूने भरलेली हवा आत जाते. काजळी फार साचलेली असेल तर ती अशा वेळी एकदम भडकते आणि ठोकळ्याला तडे जातात किंवा तो आतून वितळतो. तेव्हा घाट चढून गेल्यावर, दिवा विझलेला नसेल तर, माथ्यावरच्या सपाटीवर दहा-पंधरा मिनिटे पुढे जा आणि मगच परत फिरा.

पण तुमची गाडी या टप्प्याच्या पुढे गेली आहे. दोन्ही दिवे लागून ओढ कमी झाली, म्हणजे संगणकाने गाडी जपून चालवण्याच्या स्थितीत टाकली आहे. आता ती चालताना स्वतःहून रीजन करणार नाही, महामार्गावर कितीही पळवली तरी. यापुढे स्कॅनरने उभ्या गाडीत करायचे सक्तीचे रीजन हा पर्याय आहे. त्याआधी स्कॅनरवर काजळीचा अंदाज ग्रॅममध्ये किंवा टक्क्यांत दिसतो तो पाहावा. प्रत्येक कंपनीने आपली एक वरची मर्यादा ठरवलेली असते आणि तिच्यापलीकडे गेल्यावर सक्तीचे रीजन करू नये असे तिच्या कार्यपुस्तिकेत लिहिलेले असते. ती मर्यादा स्कॅनरच्या युक्त्यांनी ओलांडून देतो म्हणणारे लोक आहेत. त्यांच्यापासून दूर राहा. वितळलेला फिल्टर मग खरोखरच बदलावा लागतो.

मर्यादेच्या आत असेल तर काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे, पण जागा नीट निवडावी लागते. सायलेन्सरचा शेवट त्या वेळी इतका तापतो की त्याच्यामागे कोरडे काहीही असू नये. आमच्याकडे शेडला टेकून झावळ्या, गोणपाट, आंब्याच्या पेट्यांचे खोके आणि पेंढा यांपैकी काहीतरी असतेच. ते हलवल्याशिवाय मी किल्ली फिरवत नाही आणि गाडी नेहमी उघड्यावर, फरशीवर किंवा उघड्या कातळावर लावतो. हीच काळजी तुम्हीही घ्यायची आहे. दिवाळीनंतर सड्यावरचे गवत वाळून कुरकुरीत झालेले असते आणि लोक फोटो काढायला गाडी सरळ त्यात घालतात. रीजन चालू असताना गाडी तशा गवतावर उभी राहिली तर वणवा लागू शकतो, आणि देवगडच्या माणसाला कलमांच्या बागेशेजारचा वणवा म्हणजे काय हे मी सांगायला नको. सक्तीचे रीजन झाल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, डिपस्टिक काहीही सांगो.

रीजनने दाब उतरला नाही, किंवा मर्यादा आधीच ओलांडलेली असेल, तर फिल्टर काढून धुऊन घ्यावा लागतो. हे काम करणाऱ्यांत फरक फार आहे. नीट करणारा माणूस फिल्टर आधी वजन करतो, भट्टीत ठराविक गतीने तापवून काजळी जाळतो, मग उलट्या दिशेने हवेचा किंवा नियंत्रित पाण्याचा झोत देऊन राख बाहेर काढतो, सुकवतो आणि पुन्हा वजन करतो. दोन्ही वजने आणि आधी-नंतरच्या दाबाचे आकडे बिलावर लिहून मागा. ते देत नसेल तर काम तिथे देऊ नका. त्या वजनांच्या फरकावरून आत काय होते हेही कळते. गाड्या धुण्याच्या पंपाचा जोराचा झोत सरळ ठोकळ्यावर मारणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने वरची काजळी निघते, आतली भिंतीत घट्ट बसते आणि कधी ठोकळाच फुटतो. अॅसिड तर अजिबात नको. सेन्सरच्या भोकातून फवारण्याचा फेस मिळतो. काजळी मध्यम असेल तेव्हा त्याने थोडी मदत होते, राखेवर त्याचा उपयोग नाही. डिझेलमध्ये रॉकेल किंवा आणखी काही ओतण्याचे घरगुती उपाय मी ऐकतो आणि सोडून देतो.

फिल्टर काढताना किनाऱ्यावरच्या गाड्यांची एक खास अडचण असते. तापमानाचे सेन्सर आणि क्लॅम्पचे बोल्ट खाऱ्या हवेने गंजून घट्ट धरलेले असतात आणि जोर लावला की तुटतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवणे, काढताना त्या जागेला थोडी ऊब देणे आणि एखादा सेन्सर तुटेल हे खर्चात आधीच धरणे, हे शहाणपणाचे. परत बसवताना गॅस्केट आणि क्लॅम्प नवे घ्या. जुन्या गॅस्केटमधून धूर निसटला तर दाबाचे आकडे पुन्हा चुकतात. बसवून झाल्यावर संगणकातली काजळीची आणि राखेची नोंद नव्याने बसवावी लागते. हे फक्त खरोखर साफ केल्यावरच करायचे असते. भरलेल्या फिल्टरवर ‘रिकामा’ अशी नोंद केली तर संगणक रीजन वेळेवर करत नाही आणि ते झालेच तर धोकादायक वेळी होते.

आता दुसऱ्या गॅरेजचा प्रस्ताव. फिल्टर पोकळ केला की गाडी पहिल्या दिवशी झकास पळते, हे मी नाकारत नाही. परंतु मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करून घेणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्याबद्दल कलम १९० खाली पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र होणे हे वेगळे. कायदा बाजूला ठेवला तरी, काजळी जास्त बनवणारा जो मूळ दोष आहे तो तसाच राहतो. फक्त तो आता तुम्हाला दिसत नाही आणि तुमच्या मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या छातीत जातो. बदललेले सॉफ्टवेअर कोणी, कशावरून केले आहे हे पुढच्या मेकॅनिकला कळत नाही, आणि नंतर येणाऱ्या खऱ्या दोषाचा माग काढणे अवघड होऊन बसते. माझ्याकडे हे काम होत नाही.

किंबहुना तुमच्या गाडीत ते आधीच झालेले नाही ना, हेही पाहून घ्या, कारण अशा गाड्या बाजारात फिरतात. थंड गाडीच्या सायलेन्सरच्या टोकाच्या आत बोट फिरवा. फिल्टर शाबूत असलेल्या गाडीत बोट जवळपास स्वच्छ राहते. काळे, तेलकट निघाले तर फिल्टर फुटलेला किंवा पोकळ आहे. फिल्टरच्या डब्यावर कारखान्याच्या सरळ शिवणीखेरीज हाताने मारलेले वेल्डिंग आहे का पाहा. किल्ली फिरवल्यावर डीपीएफचा आणि चेक इंजिनचा दिवा क्षणभर लागून विझतो की नाही, तेही पाहा. तुमच्याकडे दोन्ही दिवे लागलेले आहेत आणि दाब वाढला आहे, त्यावरून फिल्टर जागेवर असावा असा माझा कयास आहे, आणि एका अर्थी ही चांगली बातमी आहे.

गाडी मुंबईची असली तरी ती मधल्या काळात कुठे होती हे विचारा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत चढले तेव्हा तुमच्या गाडीच्याच वयाच्या पुष्कळ बीएस-६ गाड्या पाण्यात गेल्या आणि त्यांतल्या काही साफ होऊन पुढे विकल्या गेल्या. पुराचा गाळ सायलेन्सरच्या टोकाने फिल्टरात मागच्या बाजूने शिरतो आणि तो ना काजळीसारखा जळतो ना राखेसारखा झटकता येतो. सीटच्या रुळांवरचा गंज, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर शेवटच्या हातभर पट्ट्यावर दिसणारी मातीची रेघ आणि डॅशबोर्डमागच्या वायरिंगच्या खाचांतला गाळ यांवरून हे कळते. विमा कंपनीकडे दाव्याचा इतिहास मागता येतो.

फिल्टर साफ झाल्यानंतरचे सांगून थांबतो. रीजन चालू आहे हे ओळखायला शिका: उभ्या गाडीत इंजिनाच्या फेऱ्या थोड्या वाढलेल्या असतात, पंखा जोरात फिरतो, डॅशबोर्डवरचे चालू मायलेज एकाएकी पडते आणि तापल्या धातूचा उग्र वास येतो. अशा वेळी घर आले तरी किल्ली काढू नका, एक फेरी आणखी मारा. निरोगी गाडीत हे साधारण ३०० ते ८०० किलोमीटरमागे एकदा होते. दर १०० किलोमीटरला होऊ लागले तर काजळी कुठून तरी जास्त येते आहे. एसीसाठी गाडी उभ्याने चालू ठेवण्याची सवय सोडा. तेल कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या वर्गाचेच घ्या, आणि दुकानदार ‘सगळी सारखीच असतात’ म्हणाला तर डब्यामागचा वर्ग स्वतः वाचा.

वापर खरोखर एवढाच राहणार असेल, तर पंधरा दिवसांतून एकदा कुडाळ-सावंतवाडीची फेरी मारावी लागेल. ज्यांची माणसे कणकवलीच्या दवाखान्यात किंवा कोल्हापूरला शिकायला आहेत त्यांना ती फेरी आपोआप घडते. ज्यांना घडत नाही त्यांनी गाडी दुरुस्त करून, दुरुस्तीची बिले दाखवून, विकावी आणि पेट्रोल गाडी घ्यावी. रोजच्या आठ किलोमीटरसाठी डिझेल गाडी कोणी सुचवली असेल तर त्याने तुमचा विचार केला नाही. आणि सध्या ज्या कोणाकडे गाडी न्याल, त्याच्याकडे जाताना टाकी निम्म्याच्या वर भरून न्या. डिझेलचा दिवा लागलेल्या गाडीत स्कॅनर रीजन सुरूच करू देत नाही, आणि त्या एका कारणाने लोकांचा अख्खा दिवस गेलेला मी पाहिला आहे.